इनायतभाईंचं पाणी

आमच्या इमारतीत पाण्याबद्दल काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडे येत नाहीत. मी दौलतराव, थेरगावातल्या या चोवीस घरांच्या सोसायटीचा गेली नऊ वर्षं सेक्रेटरी. टाकी कधी धुतली, मोटार का बंद पडली, नळाला पाणी किती वाजता येणार, सगळं मला तोंडपाठ. तरी बायका तांब्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर जातात, इनायतभाईंकडे. ते तांब्यात बघतात, वास घेतात, जिभेच्या टोकाला एक थेंब लावतात आणि सांगतात, "टाकीला आतून नवा गिलावा झालाय, चार दिवस असंच लागेल." गिलावा मी करून घेतलेला असतो, पण पटतं ते त्यांनी सांगितल्यावर. पहिली काही वर्षं मला याचा फार राग यायचा.

इनायतभाई चाकणच्या एका कारखान्यात पाणी साफ करतात. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवतात, प्लेटिंग म्हणतात त्याला. त्यातून जे आंबट, विषारी पाणी निघतं ते यांच्या हौदांमध्ये येतं. त्यात चुना टाकायचा, गाळ खाली बसू द्यायचा, पाणी गाळायचं, तपासायचं आणि मग बाहेर सोडायचं. सत्तावीस वर्षं हेच. पहिल्या शिफ्टला पहाटे डांगे चौकातून कंपनीची बस पकडायची आणि दुपारी शर्टाला चुन्याचे पांढरे डाग घेऊन परत यायचं. माणूस सडपातळ, बोलणं हळू, आणि स्वतःच्या कामाचा अभिमान मात्र पोटभर. एकदा मी गमतीनं म्हटलं, "म्हणजे तुम्ही कारखान्याची मोरी सांभाळता." ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती त्यांनी मला बऱ्याचदा ऐकवली होती. कारखान्यातून हौदात येतं ते इनलेट आणि साफ होऊन जातं ते आउटलेट. तपासायचं ते आउटलेट. "आत काय येतं ते प्लेटिंगवाल्यांचं," ते म्हणायचे. "इनलेटच्या नळाला आपण हात लावायचा नाही. तिथला नमुना घेतला की त्यांना वाटतं, आपल्यावर खापर फोडतायत. दोन खात्यांत महिनाभर तोंडं वाकडी. येईल ते येऊ द्या, बाहेर जाईल त्यावर माझी सही." मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेली, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही वरच्या खात्यातून आलेल्या मालाबद्दल कोणी तोंड उघडत नसे.

अशा माणसानं घरात समुद्र आणून ठेवला. हिंजवडीला कामाला जाणारा एक पोरगेला इंजिनियर आमच्याच इमारतीत भाड्यानं राहायचा. त्याला परदेशी जायचं झालं, आणि त्याची तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी इनायतभाईंनी उचलून आणली. आत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक काचेसारखी कोळंबी, खडबडीत दगड आणि एका दगडाला चिकटून पाण्यात हलणारं फुलासारखं एक जनावर. त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, आधी नाक मुरडलं. मग संध्याकाळी चहा घेऊन त्याच टाकीसमोर बसू लागल्या.

गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो, खाऱ्या पाण्याचं काम नाजूक. इनायतभाई बादलीत खास मीठ घालून लाकडी डावानं पाणी ढवळत बसायचे. मी विचारलं, यात एवढं सांभाळायचं काय असतं? तर म्हणाले, नायट्रेट. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीचं आधी जे होतं ते जहाल विष. दगडांवर न दिसणारे जंतू असतात, ते त्याचं रूपांतर करत करत शेवटी नायट्रेट करून ठेवतात. ते सौम्य असतं, पण ते पाण्यात साठत जातं. मग आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. तपासायची रीतही साधी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर उत्तम, केशरी झालं तर सावध, लाल झालं तर पंचाईत. दर रविवारी ते आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. दोन वर्षं तो दहा-वीसच्या पुढे गेला नाही.

यंदा फेब्रुवारीत त्यांची मुलगी गुलशन बाळंतपणाला आली. नारायणगावला दिलेली, लग्नाला आठ वर्षं झालेली. या आठ वर्षांत शाहीनभाभींनी किती नवस केले आणि किती डॉक्टर पालथे घातले ते सगळ्या जिन्याला माहीत होतं. मुलगा झाला. नाव ठेवलं अफताब. इनायतभाईंनी चोवीस घरांत स्वतः पेढे वाटले, आणि माझ्या हातावर दोन ठेवले.

गुलशनला दूध पुरेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पावडरीचं वरचं दूध चालू करायला सांगितलं. पाणी उकळून घ्या म्हणाल्या. इनायतभाईंनी ते काम कोणाच्या हाती लागू दिलं नाही. "पाण्याचं मी बघतो," म्हणाले. कामावरून आले की आधी हात घासून धुवायचे, स्टीलच्या पातेल्यात पाणी चांगलं वीस मिनिटं खळखळा उकळायचे, थंड करायचे, पुन्हा एकदा उकळायचे आणि थर्मासमध्ये भरून ठेवायचे. दुसऱ्या दिवसाचं पाणी आदल्या दिवशी तयार. गुलशन माझ्या बायकोला कौतुकानं म्हणाली होती, "काकू, अब्बांचं बघून मला आईचीसुद्धा गरज वाटत नाही." जयमालानं ते मला टोमण्यासारखं ऐकवलं, कारण आमच्या नातवाची बाटली मी कधी धुतली नव्हती.

मार्चच्या मध्यापासून नळाला पाणी अगदीच कमी येऊ लागलं. दिवसाआड येतं तेही करंगळीएवढं. सोसायटीची मीटिंग झाली आणि मी टँकर ठरवला. भैरू नावाचा एक चाकणकडचा माणूस रोज सकाळी टँकर आणून खालच्या टाकीत सोडायचा. पाणी कुठलं, असं मी एकदा विचारलं होतं. "हिरीचं हाय, गोड हाय," तो म्हणाला. मी चव घेतली, गोड होतं. बाकी काही विचारायचं असतं हे मला सुचलं नाही, आणि लोकांनी चार दिवस माझं नाव घेतलं याचाच आनंद जास्त होता.

एप्रिलमध्ये कॅलेंडरवरचा आकडा चढू लागला. आधी तीस, मग पन्नास. इनायतभाईंनी माशांचा खाऊ निम्म्यावर आणला. स्पंज धुतला, दगड हलवून खालचा गाळ नळीनं ओढून काढला. आकडा साठ. मग आठवड्याला एकदा बदलायचे ते पाणी दोनदा बदलू लागले, मग दिवसाआड. आकडा ऐंशी. काचेवर हिरवट-तपकिरी शेवाळ धरलं, ते फुलासारखं जनावर मिटून गोळा झालं. त्यांनी हात टेकले. पण त्या दिवसांत टाकीकडे लक्ष द्यायला घरात कोणाला सवड नव्हती, कारण बाळाचे ओठ निळे पडू लागले होते.

आधी रडताना पडायचे, मग शांत झोपलेला असतानाही. नखं निळसर, अंगाचा रंग राखेसारखा. डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावून बघितला तर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा कमी. म्हणाल्या, हृदयाला भोक असू शकतं, फोटो काढा. काढला. हृदय ठणठणीत निघालं. छातीत कफ नाही, ताप नाही. मग कशानं? त्या म्हणाल्या, सोमवारी मोठ्या हॉस्पिटलला न्या, तोवर जास्त निळा दिसला तर तसेच उचलून पळा. त्या शनिवारी शाहीनभाभींनी मिरच्या ओवाळून टाकल्या. गुलशन पोराला छातीशी धरून त्याच्या ओठांकडे बघत बसलेली. आठ वर्षांनी मिळालेलं पोर आहे आणि कारण कोणाला कळत नाही, अशी त्या घराची अवस्था होती. इनायतभाईंना करण्यासारखं एकच होतं. ते पाणी आणखी दहा मिनिटं जास्त उकळू लागले.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे भांडायला गेलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती की लोकांना आंघोळीला पाणी नाही आणि इनायतभाई माशांना बादल्याच्या बादल्या घालतात. सेक्रेटरी म्हणून मला बोलणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर बोलायची हौसही होती. शाहीनभाभी आत बाळापाशी होत्या. इनायतभाई टाकीजवळ स्टुलावर बसलेले, हातात लाल झालेली नळी.

मी सुरुवात केली. घरात असा प्रसंग आणि तुम्ही मासे काय घेऊन बसलात, इथपासून पाण्याच्या नासाडीपर्यंत. ते हळूच म्हणाले, "दौलतराव, इतकं बदललं तरी उतरत नाही. काल निम्मं पाणी नवं घातलं. आज नव्वद."

मी चिडून म्हणालो, "बदलून बदलून वाढतंच आहे, तर बदलायच्या पाण्यातच असेल तुमचं ते नायट्रेट!"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भांडणात तोंडाला येईल ते बोलतो माणूस, तसं बोललो.

ते सवयीनं म्हणाले, "ते इनलेट आहे." माझ्याकडे बघत राहिले, पण मी त्यांना दिसत नसावा. मग उठले. कोपऱ्यात मीठ न घातलेल्या पाण्याची बादली होती, तिच्यातलं पाणी त्यांनी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले, हलवली, घड्याळ बघितलं. दोन वर्षं हा माणूस टाकीतलं पाणी तपासत होता, पण टाकीत ओतायचं पाणी त्यानं एकदाही तपासलं नव्हतं. नळाचं होतं तोवर चालून गेलं. पाच मिनिटं मीही उभाच राहिलो, जायचं विसरून. पाणी हळूहळू केशरी झालं आणि मग लाल.

"म्हणजे माझं खरं निघालं," मी म्हणालो. मूर्खासारखा खूशसुद्धा झालो.

त्यांनी ऐकलंच नाही. ते स्वयंपाकघरात गेले आणि थर्मास घेऊन आले. त्यातलं पाणी ओतायला नळी मी धरली. या वेळी पाच मिनिटं थांबावंच लागलं नाही. सोबतच्या छापील तक्त्यावर शेवटचा जो रंग होता, त्याच्याहून ही नळी काळपट लाल झाली. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, पाणी तेवढं वाफ होऊन उडतं आणि मागे ते जास्त दाट होऊन राहतं. हे मला नंतर कळलं, त्यांना तिथल्या तिथे कळलं. ते खाली फरशीवर बसले. "मीच," एवढंच म्हणाले.  आणि मी माशांच्या बादल्यांवरून भांडायला आलो होतो.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही माझ्या गाडीत होतो. गुलशनच्या मांडीवर बाळ आणि इनायतभाईंच्या हातात बूच लावलेल्या तीन नळ्या. हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर आधी नळ्या बघून वैतागला. इनायतभाईंनी पाण्याचा आकडा सांगितला, किती दिवस, दिवसातून किती बाटल्या, किती वेळ उकळून, सगळं शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगावं तसं सरळ सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता उभा राहिला. त्यानं बाळाचं रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. तो म्हणाला, अशा पाण्यानं तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं. मोठ्यांना एवढ्यानं काही होत नाही, म्हणून तुमच्यापैकी कोणाला कळलं नाही. यावर औषध आहे. त्यानं शिरेतून निळं औषध दिलं, आणि तासाभरात त्या पोराचे ओठ गुलाबी झाले. मी सासष्ट वर्षांचा आहे. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात तोंडावर रुमाल धरून रडलो. गुलशन माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं असेल, काका किती मायाळू. टँकर कोणी आणला ते त्या वेळी तिच्या लक्षात नव्हतं.

मी भैरूला फोन केला, आणि ओरडायचं ठरवूनच केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "सायब, माझी लेकरं बी तेच पित्यात की." ओरडायचं तिथेच राहिलं. त्या विहिरीभोवती कांद्याची शेतं आहेत, थोडं वर दोन-तीन कारखाने आहेत, नायट्रेट कशाचं ते त्याला काय ठाऊक आणि मला तरी काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो टँकर न आणता मोकळ्या हातानं आला. म्हणजे अगदी मोकळ्या नाही, हातात आपल्या घरच्या माठातल्या पाण्याची बाटली होती. "भाईंना इचारा, एवढी बघत्यात का." खाली सोसायटीच्या सूचनांच्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, की हे पाणी लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये, उकळूनही देऊ नये. खाली सही केली. टँकर मी ठरवला होता आणि तपासणीचा कागद मागितला नव्हता, हेही लिहिलं. जयमाला म्हणाली, ते कशाला लिहिलं? लिहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. सगळे येऊन बघून गेले. इनायतभाईंचं कौतुक होत होतं की आजोबानं नातवाला वाचवलं. ते मान खाली घालून ऐकायचे. मी तिथेच होतो तेव्हा, बाकीचे गेल्यावर, त्यांनी गुलशनला सांगितलं. घरात त्यांची दखनी उर्दू चालते, पण हे मराठीत बोलले, बहुतेक मीही ऐकावं म्हणून. "बेटा, ते पाणी दीड महिना मी दिलं. दोन-दोनदा उकळून दिलं. जितकी काळजी घेतली तितकं वाईट होत गेलं. मासे सांगत होते. कॅलेंडरवर माझ्याच हातानं लिहीत होतो. एकदा बादलीतलं तपासलं असतं, तर हे झालं नसतं."

गुलशन रडली नाही, "जाऊ द्या अब्बा" म्हणाली नाही. तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. शाहीनभाभी आत निघून गेल्या. मला वाटलं, आता ही पोर सामान बांधून नारायणगावला जाईल, आणि गेली तर तिला कोण अडवणार?

मग बाळ भुकेनं रडायला लागलं. विकतच्या पाण्याचा नवा जार आणलेला होता. इनायतभाई नेहमीच्या सवयीनं उठले, पातेल्यात पाणी घेतलं आणि तिथेच थबकले. पातेलं हातात, पुढे काय करावं ते सुचेना. गुलशन म्हणाली, "आधी नळीत टाका."

त्यांनी नळीत पाणी घेतलं. थेंब टाकले, हलवली. पाच मिनिटं. बाळ लाल होऊन ओरडत होतं, मी म्हटलं, "अगं, सीलबंद जार आहे, दे आता." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाच मिनिटं झाल्यावर बापाच्या हातातून नळी घेतली, तक्ता घेतला, दोन्ही शेजारी धरून स्वतः नीट बघितलं. पाणी पिवळं होतं. मग तिनं बाटली त्यांच्या हातात दिली.

ती जूनमध्ये सासरी गेली. तोवर प्रत्येक नव्या जारला हेच चाललं. ते तपासायचे, ती डोळ्यांनी बघायची, मगच दूध. मला ते फार लागलं. जन्मदात्या बापाच्या शब्दावर विश्वास नाही म्हणजे काय! त्याच दिवसांत एकदा जिन्यात मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते कठड्याला टेकून उभे राहिले.

"दौलतराव," ते म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी आकडा सांगतो आणि साहेब न बघता सही करतो. तुम्ही लोक तांब्या घेऊन येता, मी जिभेला लावतो, तुम्ही मानता. नळी दाखवा असं कुणी म्हणालंच नाही. त्या दिवशी ती म्हणाली नसती ना, तर त्या पोराची बाटली पुन्हा हातात धरायची माझी हिंमत नव्हती."

 ते वर गेले, कारण दुधाची वेळ झाली होती.